चुकीचं दशक

आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतकं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश बायकांच्या कपड्यांबद्दल बोलणारा माणूस सबंध टेक्ससमध्ये दुसरा नसेल, आणि इतकं चुकीचं बोलणारा तर सबंध अमेरिकेत नसेल. आमच्या प्लेनोत माणसं निवृत्त झाली की गोल्फ शिकतात, शेअर बघत बसतात, देवळाच्या कमिटीवर जाऊन भांडतात, नाहीतर नातवंडांना स्विमिंगला नेऊन आणतात. काकांनी यातलं काहीच केलं नाही. सगळी नोकरी हायवेच्या पुलांखाली उभं राहून, मान वर करून काँक्रीटमधले तडे शोधण्यात गेलेला हा इंजिनियर निवृत्त झाला, हॉलमधल्या सोफ्यावर बसला आणि टीव्हीवरच्या व्हिक्टोरियन मालिकांमधल्या बायकांचे झगे बघायला लागला. बघायला म्हणजे तपासायला, पूल तपासावा तसे. मालिकेतली नायिका जिन्यावरून घाईघाईनं उतरत असे, खाली कुणीतरी शेवटच्या घटका मोजत असे, व्हायोलिन वाजत असे, आणि काका रिमोट उचलून तिला मधल्या पायरीवर थांबवत. मग उठून टीव्हीजवळ जात, खिशातून टेप काढून तिच्या घेराची रुंदी मोजत, शेजारच्या दाराच्या उंचीशी तिचा हिशेब लावत आणि मागे वळून जाहीर करत, "एवढ्या लोडला आत स्टीलच्या रिंगा पाहिजेत. साल अठराशे वीस!" अठराशे वीस साली, ज्या राणीच्या नावानं हा काळ ओळखला जातो ती स्वतः पाळण्यात होती, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

आम्ही समोरचं घर घेतलं तेव्हा सामानाचा ट्रक अजून ड्राइव्हवेत उभा होता आणि मी "तो बॉक्स किचनमध्ये, तो वर" असं ओरडत होते. त्या गडबडीत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ हातात स्टीलचा डबा घेऊन रस्ता ओलांडून आले. डब्यात त्यांनी स्वतः केलेला उपमा होता आणि त्यात मीठ नव्हतं. "मराठी ना? गाडीत गणपती बघितला," ते म्हणाले. मी नागपूरची, नवरा साताऱ्याचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, अशी ओळख मी सांगायला लागले, पण त्यात त्यांना काही रस दिसला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टीव्हीवर जुन्या काळातल्या इंग्लिश मालिका बघता का? त्या झग्याबिग्यांच्या?" मी सभ्यपणे "कधी कधी" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांवर आमच्या पुढच्या सगळ्या शनिवारच्या दुपारी गेल्या.

शनिवारी चहाला गेलं की चित्र ठरलेलं असे. खिडकीशी आरामखुर्चीत काकू बसलेल्या, एसीचा गारठा लागू नये म्हणून अंगावर निळी शाल, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. त्या फारसं बोलत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, चहा होईपर्यंत पुन्हा विचारलं, आणि निघताना "परत या हं, मुलांनाही आणा" म्हणाल्या. मला मुलं नाहीत. त्यांना विस्मरणाचा आजार आहे हे काकांनी दारापर्यंत सोडायला आल्यावर अगदी सहज सांगितलं. एरवी मात्र हॉलमध्ये त्यांचं अखंड व्याख्यान चालू असे. बसल नावाची एक गादी त्या काळातल्या बायका कमरेमागे बांधत, म्हणजे झगा मागून उंटासारखा वर येई. काकांच्या मते तो कॅन्टिलिव्हर होता. "सगळं वजन मागे टांगलेलं, आधार फक्त कमरेला. कसा टिकतो सांग?" मी म्हणे, "कसा?" काका म्हणत, "तेच तर! टिकायलाच नको!" तासाभराचा एपिसोड या हिशेबानं संध्याकाळपर्यंत चाले. मालिकेत खून कुणी केला, लग्न कुणाचं झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण काकांनी एकही एपिसोड शेवटपर्यंत जाऊ दिला नाही.

यातली मौज अशी की स्वतः काकांना कपड्यातलं ओ की ठो कळत नसे. गठ्ठ्यानं मिळणारे अर्ध्या बाह्यांचे शर्ट ते गठ्ठ्यानंच आणत, आणि त्यांचे रंग विचारले तर "साधा" आणि "दुसरा" असे दोनच सांगत. मुलीच्या पदवीदानाला त्यांनी नवी पँट घातली होती. तिच्यावर मापाची ती लांबलचक पारदर्शक पट्टी असते ना, चौतीस चौतीस चौतीस लिहिलेली, ती मांडीपासून घोट्यापर्यंत तशीच होती. हॉलमध्ये तो फोटो फ्रेम करून लावलेला आहे. गाउन घातलेली मुलगी, मोरपंखी साडीतल्या काकू, आणि शेजारी अभिमानानं ताठ उभे राहिलेले चौतीस चौतीस चौतीस. असा माणूस गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटेल त्याला अडवून कॉर्सेट म्हणजे कंबर आवळायची ती नाड्यांची ताठ चोळी कशी असते ते समजावून सांगे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा काकांनी त्यांना नमस्कार करून विचारलं, "वहिनी, तुमच्या ब्लाउजची बाही खांद्यावर फुगवायची झाली तर आत काय भरावं लागेल?" सासूबाई त्या दिवशी मसालेभाताच्या पातेल्यामागून बाहेर आल्या नाहीत. नवरा तर त्यांना इंडियन ग्रोसरीत लांबून पाहिलं की डाळींच्या रांगेत वळायचा. "यार, मला आता कॉर्सेटला नाडी कशी ओवतात ते माहितीये," तो म्हणायचा, "आणि माझ्या टीममधल्या माणसांची आडनावं माहिती नाहीत."

एका वसंतात काकांनी गॅरेजमध्ये क्रिनोलिन बांधायला घेतलं. क्रिनोलिन म्हणजे झग्याच्या आत घालायचा गोल रिंगांचा पिंजरा. मूळचा पोलादाचा असतो, काकांचा लॉनच्या स्प्रिंकलरच्या काळ्या पाइपांचा होता. तो एवढा वाढला की गाडी बाहेर काढावी लागली, आणि ती बाहेर असतानाच गारांचं वादळ आलं. टेक्ससच्या गारा लिंबाएवढ्या असतात. वादळ गेल्यावर काकांची चंदेरी गाडी पत्र्याच्या जुन्या डब्यासारखी दिसत होती. शेजारचे सगळे आपापल्या ड्राइव्हवेत उभे राहून इन्शुरन्सला फोन लावत होते. काका गॅरेजच्या दारात उभे होते आणि माझ्याकडे बघून आनंदानं ओरडले, "पिंजऱ्याला काही झालं नाही!" पुढच्या शनिवारी तो पिंजरा मला चढवून त्यांनी मला फूटपाथवरून चालायला लावलं. पत्रं टाकायला आलेल्या माणसानं गाडीतून उतरून मला कमरेत वाकून सलाम केला. काकू गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून हे बघत होत्या, आणि त्यांचं ते पाहुण्यांसाठीचं हसू त्या दिवशी मला जरा वेगळं वाटलं.

ऐकून ऐकून मलाही या प्रकाराची गोडी लागली होती. घरी मी शोधून वाचायला लागले, आणि माझ्या लक्षात यायला लागलं की काका सांगतात त्यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे. मला त्यांची कीव आली. म्हातारा माणूस, एवढा नाद, आणि पाया कच्चा. एका शनिवारी पडद्यावर एक बाई पाठमोरी उभी होती, कमरेमागे तो उंट स्पष्ट दिसत होता. काकांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "हा झगा अठराशे चाळीसचा." मग नेहमीसारखे गप्प राहून खिडकीकडे बघत बसले. काकूंच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलल्यासारखे झाले. तेवढ्यात मी म्हटलं, "नाही काका, मागे बसल आहे ना, म्हणजे ऐंशीच्या दशकातला."

काकू माझ्याकडे वळल्या, गोड हसल्या, "हो का?" म्हणाल्या, आणि शालीच्या गोंड्यांशी खेळायला लागल्या. कपाळावरची आठी गेली होती. काकांनी रिमोट खाली ठेवला. इतक्या महिन्यांत मी त्यांना रिमोट खाली ठेवताना पाहिलं नव्हतं.

ते मला बाहेर सोडायला आले. ऊन कडक होतं, आणि ते आमच्या दोन घरांमधल्या रस्त्याच्या मधोमध थांबले.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" आवाज चढलेला नव्हता.

"काका, मला वाटलं तुम्हाला..."

"मला माहीत नाही? अगं, ऐंशीचा आहे ते मला माहीत आहे. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. त्याआधी मधली काही वर्षं बसल गेला होता, मग परत आला, तो हा दुसरा. सगळं माहीत आहे मला." मग म्हणाले, "तिच्या तोंडावर आलं होतं. बघितलंस ना तू? आलं होतं."

तिथेच, उन्हात उभं राहून, त्यांनी मला सांगितलं. काकू लग्नाआधी पुण्यात मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये शिवणकाम आणि पोशाखांचा इतिहास शिकवत. इथे आल्यावर त्यांनी एका ब्रायडल शॉपमध्ये वर्षानुवर्षं लग्नाचे गाउन लहानमोठे करून दिले. घरी आल्या की जुन्या काळातल्या मालिका लावत आणि त्यातल्या चुका काढत. काका तेव्हा शेजारी बसून पेपर वाचत. पण पेपर वाचता वाचता मुद्दाम काहीतरी अडाण्यासारखं बोलत, कारण काकू चिडल्या की फार छान बोलत. दोघांचं सगळं आयुष्य एकमेकांना दुरुस्त करण्यात गेलं होतं. हायवेचा कुठला एक्झिट घ्यायचा, चहात आलं आधी की साखर, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं. आजार आला तेव्हा आधी एक्झिट गेला, मग चहा गेला, मग लग्नं आणि माणसं गेली. झगे राहिले. "तिला 'आठवतंय का' असं विचारलं की ती घाबरते," काका म्हणाले. "रडते. पण मी चुकलो ना, की तिला राहवत नाही. मग ती बोलते. दहा वाक्यं बोलते कधी कधी. तीच असते ती तेव्हा."

चुकायलासुद्धा अभ्यास लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंना राग येईल इतकी मोठी चूक हवी, आणि हे काहीतरी वेड्यासारखं बोलतायत असं वाटून त्या सोडून देतील इतकी मोठी नको. त्यासाठी काका लायब्ररीतून जाड जाड पुस्तकं आणून सकाळी वाचत आणि दुपारी त्यांच्या उलट बोलत. पॉटलकला, दुकानात, रस्त्यात ते लोकांना जे ऐकवत ती सगळी रंगीत तालीम असे. पिंजराही तसाच. त्यांनी रिंगा मुद्दाम चिकटपट्टीनं चिकटवल्या होत्या. गारांच्या त्या दिवशी काकू खुर्चीवरून उठल्या, "अहो, नाड्यांवर टांगायच्या असतात त्या, बसताना घडी कशी पडणार?" म्हणाल्या, आणि दुपारभर त्यांनी आपल्या हातानं एकेक गाठ मारली. गाडी बाहेर राहिली ती म्हणून.

पुढच्या शनिवारी मी तोंड मिटून बसले आणि सगळा सोहळा पहिल्यांदा नीट पाहिला. पडद्यावर एक मुलगी कॉर्सेट आवळून घेत होती, आतून काहीही न घालता. काका म्हणाले, "हे एक मात्र बरोबर दाखवलं हं यांनी. तेव्हा बायका कॉर्सेट असाच अंगावर घालत."

खिडकीशी हालचाल झाली.

"असाच?" काकू म्हणाल्या. "आत शमीज नको? कातडं सोलवटून निघेल तिचं! अहो, डोळे आहेत की बटणं? घाम कशात जिरणार? कॉर्सेट काय रोज धुतात? आतला कपडा धुवायचा असतो, म्हणून तर तो असतो. मुलींनो, हे लिहून घ्या. आणि मागची नाडी कोण ओढतंय बघा तिची, पाय लावून! असा कोणी पाय लावतं का? मोडेल ती." त्या खुर्चीत ताठ झाल्या होत्या, एक बोट वर होतं, आणि तो आवाज भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचला असता. काका खाली मान घालून "बरं बरं, चुकलं माझं" म्हणत होते. एवढा ओरडा खाऊन इतका सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे वर्षभर चाललं असेल. मग उत्तरं लहान होत गेली. आधी "छे, भलतंच काहीतरी" एवढंच, मग नुसतं "छे", मग जिभेनं केलेला एक बारीक च्च. त्या च्चवरसुद्धा काका खूश असत. "बघितलंस? पटलं नाही तिला," मला म्हणत. मग तोही ऐकू येईना. काका चुका वाढवत गेले. मोठ्या घेराचा झगा बघून ते म्हणत, "आत वेताच्या टोपल्या असतात या लोकांच्या." एकदा मेजवानीचं दृश्य चाललं होतं, झुंबरं, सॅटिनचे झगे, कोपरापर्यंतचे हातमोजे. काकांनी थांबवलं, काकूंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले आणि म्हणाले, "अगं, ती मधली बाई बघ, नऊवारी नेसलीय. काष्टा बघ किती छान घातलाय." मला हसू आलं होतं, ते तसंच राहिलं. काकू पडद्याकडे बघत होत्या, किंवा पडद्याच्या दिशेला बघत होत्या. "नऊवारी आहे ना गं?" काकांनी पुन्हा विचारलं. काकूंनी मान डोलावली. "हो," त्या म्हणाल्या. "छान आहे."

त्याच सुमाराला काकांची मुलगी अमेरिकेच्या पार वायव्य टोकाच्या बेलव्ह्यूहून आली. ती तिकडे वकील आहे, जन्मानं इथली, मराठी समजतं सगळं पण बोलताना धाप लागल्यासारखं बोलते. आईवर तिचा जीव, आणि बाप काय करतोय ते बघून ती हादरली. माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, डॉक्टर सेड, डोन्ट टेस्ट हर. तुम्ही आईला रोज क्विझ करता. इट्स क्रूएल."

"मी तिला काही विचारत नाही," काका म्हणाले. "मी फक्त चुकतो. चुकायला बंदी आहे का डॉक्टरांची?"

"शी डझन्ट नो, बाबा. तिला काहीच कळत नाही आता, स्क्रीनवर काय आहे ते." तिचे डोळे भरून आले होते. "माझ्याजवळ चला. तिथे मेमरी केअर होम आहे, चांगलं आहे, मी बघून आले. यू कान्ट डू धिस अलोन."

काका म्हणाले, तिथे टीव्ही सगळ्यांचा मिळून एकच असणार, आणि रिमोट नर्सच्या हातात. एवढं एकच कारण त्यांनी दिलं, आणि मुलगी रागानं परत गेली.

मग ऑगस्टमध्ये ते झालं. भरदुपारी काका आंघोळीला गेले होते आणि काकू पुढचं दार उघडून बाहेर पडल्या, अनवाणी. त्या उन्हात इथला फूटपाथ तव्यासारखा तापतो. दोन गल्ल्या पलीकडे एका घराच्या हिरवळीवर त्या बसलेल्या सापडल्या. तिथल्या बाईनं त्यांना पाणी दिलं होतं आणि पाय ओल्या टॉवेलात गुंडाळले होते. मी गाडी घेऊन काकांबरोबर गेले. तळव्यांना फोड आले होते. काकूंनी काकांकडे बघून आपलं ते पाहुण्यांसाठीचं हसू हसून विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

घरी आल्यावर काकांनी दोन्ही तळव्यांना मलम लावलं. मग मला म्हणाले, "मुलीला फोन लाव. म्हणावं, येतो."

घर विकलं गेलं. पिंजरा मी मागून घेणार होते, पण त्याआधीच तो कचऱ्याच्या गाडीत गेला होता. एअरपोर्टवर काकूंना व्हीलचेअरवरून आत नेलं तेव्हा काका मागे वळून मला म्हणाले, "तिकडे पाऊस फार असतो म्हणे." एवढंच.

पुढच्या वसंतात ऑफिसनं मला आठवडाभर बेलव्ह्यूला लागूनच असलेल्या रेडमंडला पाठवलं, तेव्हा एक दुपार काढून मी त्यांना भेटायला गेले. बारीक पाऊस चालूच होता. काकांनी होमपासून दोन बस स्टॉपवर एक लहानसं अपार्टमेंट घेतलं होतं आणि रोज जेवणानंतर बसनं तिकडे जात होते. होमच्या मोठ्या हॉलमध्ये पाच-सहा म्हाताऱ्या अमेरिकन बायका अर्धगोलात बसल्या होत्या, टीव्हीवर व्हिक्टोरियन मालिका चालली होती, आणि रिमोट काकांच्या हातात होता! नर्सबाईंनी तो त्यांना कधीच देऊन टाकला होता, कारण ते आले की बायका शांत बसतात. शांत म्हणजे काय, काका इंग्रजीत म्हणाले की हा झगा अठराशे तीसचा, आणि ती अर्धगोल रांग खवळली. "नॉन्सेन्स," एक म्हणाली. दुसरी म्हणाली की तिची आजी असलाच घालत असे, आणि तिची आजी काही एवढी म्हातारी नव्हती. पांढऱ्या बॉबकटची एक उंच बाई, एके काळी शाळेत नाटकं बसवणारी आणि त्यांचे पोशाख शिवणारी, खुर्चीचा हात आपटून म्हणाली, "लुक ॲट द स्लीव्ह, मॅन! लुक ॲट द स्लीव्ह!" काका खाली मान घालून ऐकत होते.

काकू त्यांच्या शेजारी होत्या. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या ओढणीचा काठ हातात घेतला आणि अंगठ्यानं तो चाचपत चाचपत नेला, हळूहळू, पार कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याशी टीप सुटली होती, ते मला माहीत नव्हतं. तिथे अंगठा थांबला. काकूंनी काही म्हटलं नाही, चेहराही बदलला नाही. पण काका लगेच मला म्हणाले, "उसवलंय म्हणतेय. घरी गेलीस की दोन टाके घाल."

त्या हिवाळ्यात काकू न्यूमोनियानं गेल्या. मुलीनं फोन करून कळवलं. बोलता बोलता तिनं सांगितलं की शेवटचं नेसवायला कुठली साडी द्यायची ते तिला कळेना, कपाट उघडून ती नुसती उभी राहिली होती. काका मागून आले आणि त्यांनी एक घडी काढून दिली. ती इरकल होती. ती कुठे घेतली, कुणी घेतली, कुणाच्या मुंजीत पहिल्यांदा नेसली, काठ कुठला, पदर कुठला, फॉल काकूंनी बदलला तो कधी, सगळं त्यांनी सांगितलं. "ही गॉट एव्हरीथिंग राइट," ती म्हणाली. "एकही गोष्ट चुकले नाहीत बाबा. मला ते ऐकवेना गं." आणि मग ती फोनवर रडत राहिली, आणि मी इकडे.

काका प्लेनोला परत आले नाहीत. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, त्यांच्या गॅरेजमध्ये ट्रेडमिल आहे. मी अधूनमधून फोन करते. पहिले काही महिने ते "हं", "बरंय" यापलीकडे बोलत नसत. मालिका बघता का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाही गं, त्यात काय बघायचं?" मी पुन्हा तो विषय काढला नाही.

परवा फोन केला तेव्हा मागे पावसाचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. कुठे आहात, विचारलं, तर म्हणाले, "बस स्टॉपवर. होमला चाललोय."

"होमला? आता कशाला, काका?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "ती नाटकवाली बाई आहे ना, उंच. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती मला तो समजते हल्ली. नर्सनं फोन केला होता मागे, म्हणाली, ती विचारत असते कुठे आहे म्हणून, येऊन बसाल का थोडा वेळ. मग जातो मी. टीव्हीबिव्ही काही नाही. नुसता बसतो. ती ओरडते माझ्यावर. जोडे बाहेर का नाही काढले, छत्री कुठे विसरलास, फोन का केला नाहीस..."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? 'येस, डिअर' म्हणतो." ते किंचित हसले. "पहिल्या दिवशी सांगणार होतो तिला, की बाई, मी तो नव्हे. पण इतकं मन लावून रागावत होती. म्हटलं, असू दे."

काका उगीच पावसाबद्दल काहीतरी सांगायला लागले, इथला पाऊस कसा दिसत नाही पण भिजवतो, वगैरे. मग एकदम म्हणाले, "चल, ठेवतो. बस आली. उशीर झाला की ती चिडते." मागे बसचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी घाई ऐकू आली.